काळं मीठ शेवटी

मोसंबीचा रस आधी काढून ठेवू नका,
तासाभरात कडू होतो,
हे क्रेट उतरवतानाच बागवानानं बजावलं होतं.
म्हणून अंबडच्या आमच्या गच्चीवर, सात वाजता,
पाहुण्यांच्या चपला जिन्यात वाजायला लागल्या तरी
मी आणि फिरदोस अजून मोसंबीच कापतोय.
बोटांना कुठंकुठं चिरा आहेत
ते आता कळतंय.

डाळिंबं दुपारीच सोलली.
पेरू शिजवून, गाळून, त्यात हिरव्या मिरचीचा एक तुकडा.
परवा सीताफळाचाही प्रयोग झाला:
सोडा ओतला तसा गर फेसासकट वर आला
आणि ओट्यावरून थेट फरशीवर.
तो हिशोबात धरायचा नाही.

सोडा हमीदचाचांच्या कारखान्यातला.
कारखाना म्हणजे डेपोमागची एक खोली,
एक सिलिंडर, एक फिरतं चाक
आणि लाकडी खोक्यांत गोटीच्या बाटल्या.
साठ घेतल्या. पैसे घेईनात.
म्हणाले, तुझ्या आईच्या गाडीतून एवढी खोकी गेली,
बावीस वर्षांत एक बाटली फुटली नाही.

ग्लास तिरका धर, फिरदोस,
सोडा कडेनं सोड,
घाटात गाडी उतरवतात तसा.
आणि काळं मीठ सगळ्यात शेवटी.
आधी टाकलं तर फेस उसळतो,
सगळा गॅस निघून जातो
आणि खाली उरतं नुसतं गोड पाणी.

ढाकणे ड्रायव्हर ग्लासात डोकावून म्हणाले,
यात उलसं काही घातलंय का नाही?
घातलंय ना मामा,
गॅस.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत, हारासकट.
पहिला ग्लास अजून तसाच भरलेला.
ओठ ओले करायचे, खाली ठेवायचा,
ओठ ओले करायचे, खाली ठेवायचा.

कामून अशी पिते, ते मला ठाऊक आहे.
सकाळी पाच पन्नासची अंबड-बीड.
निघताना दोन घोट चहा.
शहागडला सोय नाही.
गेवराईला आहे, पण दार नाही.
बीडला दार आहे, कडी नाही,
आणि कडी लागली तोवर गाडी लागायची.
मे महिन्यातही पाण्याची बाटली
भरलेलीच घरी परत यायची.
लहानपणी मला वाटायचं,
आई बीडहून माझ्यासाठी पाणी आणते.
मी ते पुरवून पुरवून प्यायचे.

दोनदा मुतखडा झाला. एकदा सलाईन लागलं.
त्याबद्दल निरोपाच्या भाषणात काही नव्हतं.

मी तिच्या पायाशी बसले,
नवी बाटली घेतली, गोटी आत ढकलली,
फुस्स झालं, तिच्या हातावर तुषार उडाले.
पी, म्हटलं.
म्हणाली, अगं, उद्या पहाटे
आणि तिथंच थांबली.

मग प्यायली.
मोसंबी संपवली, ढेकर दिला, तोंडावर पदर घेतला.
मग डाळिंब.
मग पेरू, मिरचीनं नाक लाल होईस्तोवर.
चौथा तिनं स्वतः मागितला,
आणि हमीदचाचांनी उठून तिला तो दिला
जणू त्यांच्या बाटल्यांतली तीच एक
पोहोचायची राहिली होती.

साडेनऊला डेपो मॅनेजर बोलायला उभे राहिले.
अत्यंत निष्ठेनं, म्हणाले, अत्यंत निष्ठेनं या भगिनीनं.
आई उठली.
थांबा जरा, म्हणाली,
आणि हार काढून खुर्चीवर ठेवून
जिना उतरून गेली.

मॅनेजर थांबले.
ढाकणे मामा थांबले, ज्यांनी कधी हॉर्न वाजवायचा सोडला नाही.
चाळीस माणसं ग्लास हातात धरून गप्प,
कुणाच्या तरी रिकाम्या बाटलीत गोटी हलली.
खालून कडी लागल्याचा आवाज आला.
घाई कुणालाच नव्हती.

ती सावकाश वर आली,
ओले हात पदराला पुसत.
बोला साहेब, म्हणाली.
मग माझ्या कानाशी वाकून,
पेरूत काळं मीठ कमी पडलंय गं.